नाक वर, भार मागे

पाव मैल म्हणजे १३२० फूट, आपल्या हिशोबात ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि सरळ रेषेत हे अंतर आधी कोण कापतं ते पाहायचं. ड्रॅग रेस एवढीच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रिकाम्या पडलेल्या धावपट्ट्यांवर हा खेळ रुजला. कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना विमानतळावर १९५० साली नियमित शर्यती सुरू झाल्या, पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' काढली आणि शर्यतीला नियमांचं पुस्तक आलं. त्या पुस्तकातल्या एका वर्गाने एक विचित्र दिसणारी गाडी जन्माला घातली. पुढून उचललेली, मागे रुंद गुळगुळीत टायर, पुढे अगदी बारीक चाकं, आणि पुढच्या चाकांच्या पोकळीतून बाहेर डोकावणारे एक्झॉस्टचे पाइप. पेट्रोलला तिकडे गॅस म्हणतात. अल्कोहोल किंवा नायट्रोमिथेन न वापरता पंपावरच्या पेट्रोलवर पळणारी, म्हणून ही 'गॅसर'.

गॅसरचं हे रूप आज अमेरिकेत पुन्हा फॅशनमध्ये आहे. दोन गाड्या मावतील अशा घरच्या गॅरेजात, शनिवार-रविवारी, लोक अशा गाड्या बांधतात. यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात इंजिनापासून होते, कारण इंजिन चकचकीत असतं आणि पैसे तिथेच खर्च करावेसे वाटतात. माझ्या मते गाडी उलट्या टोकाकडून बांधायला हवी, मागच्या टायरपासून पुढे. गॅसरचं प्रत्येक विचित्र अंग हे त्या काळच्या भिकार टायरला शोधलेलं उत्तर आहे. ते उत्तर समजून न घेता नुसती नक्कल केली की गाडी फोटोत छान दिसते आणि १५० च्या वेगाला स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं.

आधी नियम. गाडीने रस्त्यावरच्या गाडीसारखं दिसावं, मडगार्ड आणि दिवे असावेत, इंधन पेट्रोल असावं. वर्ग ठरायचा तो गाडीचं वजन भागिले इंजिनाचे घन इंच या गुणोत्तरावर. त्यामुळे हलकी गाडी आणि बेताचं इंजिनही मोठ्या इंजिनाच्या जड गाडीशी भिडू शकायचं. म्हणूनच तीस-चाळीसच्या दशकांतली विलिस कूपे इतकी लाडकी झाली. ओहायोच्या जॉर्ज माँटगोमेरी यांची १९३३ ची विलिस आणि स्टोन, वुड्स व कुक या त्रिकुटाची १९४१ ची विलिस यांची नावं त्या काळात घरोघरी पोचली होती. पण लहान, दोन आसनी स्पोर्ट्स गाड्याही या खेळात होत्या. बिग जॉन माझमानियन यांनी विलिसकडे वळण्याआधी १९६१ ची शेव्हरोले कॉर्व्हेट सुपरचार्जर बसवून पळवली होती. या लेखात आपण तशीच गाडी धरू: पहिल्या पिढीच्या, म्हणजे १९५३ ते १९६२ च्या कॉर्व्हेटच्या अंगाची.

खरी जुनी कॉर्व्हेट यासाठी कापू नये. पहिल्या वर्षी, १९५३ मध्ये, मिशिगनच्या फ्लिंट शहरात या गाडीचे फक्त ३०० नग जवळजवळ हाताने बनवले गेले. नंतरच्या वर्षांच्या गाड्याही आता जपून ठेवण्याच्या वस्तू झाल्या आहेत. सुदैवाने या गाडीचं अंग मुळात फायबरग्लासचं आहे, त्यामुळे त्याच आकाराचं नवं कवच साच्यातून काढलेलं मिळतं. ते घ्यावं, किंवा अपघातात सापडून इंजिन-गिअरबॉक्स गमावलेली गाडी शोधावी. ब्रिटिश गाड्यांचाही मोह होतो. ऑस्टिन-हीली ३००० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ९२ इंचांच्या आसपास, एमजीबीचा ९१. कॉर्व्हेटचा १०२. आखूड गाडी भार चटकन मागे टाकते, पण तितकीच चटकन वाकडीही होते. पहिल्यांदा बांधणाऱ्याने १०२ च्या खाली जाऊ नये असं मला वाटतं.

आपल्याकडे हा उद्योग रस्त्यासाठी करता येत नाही, हे इथेच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत, पण तिथे पळणाऱ्या बहुतेक गाड्या आजच्या. अमेरिकेत नियम राज्यागणिक वेगळे, तरी घरी बांधलेली गाडी तपासून घेऊन तिला नंबर मिळवण्याची वाट बऱ्याच ठिकाणी उघडी आहे.

आता गॅरेज. सुमारे २० फूट गुणिले २० फूट जागा आणि काँक्रीटची जमीन. जमीन सपाट दिसते तशी ती क्वचितच असते, कारण पाणी दाराकडे वाहावं म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो. चॅसी चार स्टँडवर ठेवून, स्टँडखाली पत्र्याच्या चकत्या सरकवत, ती स्पिरिट लेव्हलने चारी बाजूंनी समतल करायची. मग ओळंबा घ्यायचा. गवंडी भिंतीला लावतो तोच. चॅसीवरच्या प्रत्येक महत्त्वाच्या भोकातून ओळंबा सोडायचा आणि तो जमिनीला जिथे टेकेल तिथे खूण करायची. सगळ्या खुणा झाल्या की त्या जोडून मधोमध एक रेघ मारायची आणि कर्ण मोजायचे. डाव्या पुढच्या खुणेपासून उजव्या मागच्या खुणेपर्यंतचं अंतर आणि त्याच्या उलट अंतर, दोन्ही सारखी यायला हवीत. पाव इंचाचा फरक निघाला तर चॅसी पिळलेली किंवा सरकलेली आहे. साठ वर्षांपूर्वीच्या चॅसीत असा फरक बहुधा निघतोच. तो आधी काढायचा, कारण यापुढचं प्रत्येक माप त्या जमिनीवरच्या रेघेपासून घेतलं जाणार आहे. खडूची रेघ पुसली जाते म्हणून अनुभवी माणसं ती रंगाने मारून ठेवतात. काही महिने त्या जमिनीवर दुसरी गाडी लावता येत नाही. घरच्यांची समजूत काढणं हाही कामाचा भाग आहे.

मागचा टायर निवडला की अर्धी गाडी ठरते. ड्रॅग रेसच्या टायरला स्लिक म्हणतात, कारण त्यावर नक्षी नसते. खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. कोरड्या रस्त्यावर त्या फक्त रबर कमी करतात. पन्नासच्या दशकात जुन्या टायरवर गुळगुळीत रबर चढवून काम भागवलं जायचं आणि ते रबर कडक असायचं. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या एम अँड एच कंपनीने खास शर्यतीसाठी मऊ रबराचे टायर बनवले. आज त्या जुन्या धाटणीचे टायर नव्याने मिळतात. आपण २८ इंच व्यासाचा घेऊ. परीघ सुमारे ८८ इंच, म्हणजे ७.३३ फूट. म्हणजे संपूर्ण पाव मैलात हा टायर जेमतेम १८० वेळा फिरतो. एवढ्याच फेऱ्यांत सगळं साधायचं असल्याने पहिली एकही फेरी जागच्या जागी फिरून वाया जाता कामा नये.

याच आकड्यावरून गिअरचं गुणोत्तर निघतं. रेघ ओलांडताना गाडी ताशी ११० मैलांवर, म्हणजे १७७ किलोमीटरवर असावी असं धरलं तर चाक मिनिटाला १३२० वेळा फिरत असेल. वरच्या गिअरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकास एक फिरतात, तेव्हा फरक फक्त मागच्या ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियन या दातेरी जोडीचा. ४.५६ चं क्राउन-पिनियन लावलं तर इंजिन ६००० च्या थोडं वर. बेताच्या खर्चात बांधलेल्या व्ही-आठ इंजिनाला हे झेपतं. ३.५५ लावलं तर रेघ येईपर्यंत इंजिन ४७०० च्या आसपासच घुटमळेल आणि त्याची खरी ताकद वापरलीच जाणार नाही. ४.८८ लावलं तर शेवटच्या काही मीटरमध्ये ते किंचाळेल. हा हिशोब कागदावर आधी करावा. क्राउन-पिनियन बदलणं स्वस्त नसतं.

मागच्या ॲक्सलसाठी बहुतेक जण फोर्डचा 'नाइन इंच' घेतात. तो १९५७ पासून १९८६ पर्यंत बनत होता, त्याच्या क्राउन व्हीलचा व्यास नऊ इंच, आणि सगळी क्राउन-पिनियनची जोडणी पुढून नटबोल्ट काढून एका तुकड्यात बाहेर येते. शेव्हरोलेच्या गाडीत फोर्डचा ॲक्सल घालायला काही लोकांचा अभिमान आड येतो. येऊ द्यावा. रुंद टायर आत बसायचा असेल तर ॲक्सलची नळी दोन्ही बाजूंनी कापून आखूड करावी लागते, आणि ती परत जोडताना एक सरळ जाड दांडा दोन्ही बेअरिंगच्या जागांतून आरपार घालून ठेवतात. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी केसभर वाकली तरी तो दांडा अडकतो आणि लगेच कळतं. दांडा नसेल तर हे काम बाहेरून करून घ्यावं. डिफरन्शियल लॉक केलेलं असतं, दोन्ही चाकं कायम सारखीच फिरतात. सरळ पळताना ते हवंच असतं, पण घराच्या कोपऱ्यावर वळताना आतला टायर कुरकुरतो आणि शेजाऱ्यांना गाडी आल्याचं कळतं.

ॲक्सल चॅसीला कसा बांधायचा, हा या सगळ्यातला सर्वात मजेचा भाग. चाक पुढच्या दिशेने फिरू लागलं की ॲक्सलची नळी प्रतिक्रिया म्हणून उलट फिरू पाहते. पिनियनचं नाक वर उठतं. ॲक्सल नुसत्या पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, बसलेला असेल तर पाटे नागमोडी पिळले जातात, मग झटक्याने सुटतात, परत पिळले जातात, आणि चाक रस्त्यावर धडधड उड्या मारू लागतं. पकड तिथेच संपली. यावर उपाय म्हणजे लॅडर बार. ॲक्सलला दोन ठिकाणी घट्ट पकडलेला आणि पुढच्या टोकाला चॅसीत एका बोल्टवर लटकणारा त्रिकोणी दांडा, साधारण ३० इंच लांब. आता नळी फिरू पाहते तेव्हा दांड्याचं पुढचं टोक चॅसीला वर ढकलतं. चॅसी वर ढकलली जाते, तितकाच टायर खाली रस्त्यात दाबला जातो. ज्या जोराने आधी पाटे पिळले जात होते, तोच जोर आता कामाला लागला. पुढचं टोक जितकं वर आणि ॲक्सलच्या जितकं जवळ, तितका टायरवरचा दणका जोराचा. म्हणून तिथे दोन-तीन भोकं ठेवतात, शर्यतीच्या मैदानावर बोल्ट बदलून दणका कमी-जास्त करायला. एक मेख आहे: लॅडर बार आणि पाटे यांचं फिरण्याचं केंद्र वेगवेगळं, त्यामुळे दोन्ही ॲक्सलला पक्के वेल्ड केले तर एकमेकांना अडवतात. पाट्याची बैठक ॲक्सलवर फिरती ठेवावी लागते, किंवा पाटे काढून स्प्रिंगवाले शॉक ॲब्सॉर्बर लावावे लागतात.

आता नाक वर का, याकडे येऊ. गाडी वेग घेते तेव्हा भार पुढून मागे जातो. किती, हे एका ओळीत मावतं: गाडीचं वजन गुणिले वेगवाढ, गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. चालकासह १२०० किलोची हलकी केलेली गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५६ सेंटिमीटर, व्हीलबेस २५९ सेंटिमीटर, आणि वेगवाढ गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट. उत्तर येतं सुमारे २०८ किलो. एवढा भार पुढच्या चाकांवरून उठून मागच्या टायरवर बसतो. तीच गाडी १० सेंटिमीटर उंच केली तर २४५. म्हणजे उंचीने ३७ किलो फुकट मिळाले. कडक रबराच्या काळात हे ३७ किलो म्हणजे शर्यत जिंकणं. मऊ, सुरकुतणारे, चांगले स्लिक साठच्या दशकात मिळू लागले तसतशा गाड्या पुन्हा खाली येत गेल्या, कारण उंचीची किंमतही असते: हवेचा अडथळा, पोटाखाली शिरणारा वारा, हलकं झालेलं स्टिअरिंग.

स्पर्धकांनी गाड्या इतक्या उचलल्या की नियमाला मधे पडावं लागलं. क्रँकशाफ्टची मध्यरेषा जमिनीपासून २४ इंचांहून वर नसावी. इंजिन मागे सरकवायलाही मर्यादा होती: व्हीलबेसच्या दहा टक्के, मोजायचं पुढच्या चाकाच्या मध्यरेषेपासून पहिल्या स्पार्क प्लगपर्यंत. आपल्या गाडीला ते १०.२ इंच. लोखंडी व्ही-आठ इंजिन सुमारे २६० किलोचं. ते सहा इंच मागे सरकलं की पंधराएक किलो कायमचे मागच्या चाकांवर जातात. सहा इंचांसाठी इंजिनामागची भिंत कापावी लागते, गिअरबॉक्सचा बोगदा रुंद करावा लागतो आणि चालकाच्या पायांना जागा उरत नाही. पंधरा किलोंसाठी एवढं करावं का? शर्यतीसाठी बांधत असाल तर होय. रविवारी फिरायला नेणार असाल तर इंजिन जागेवर राहू द्या. आज मेळाव्यांत मात्र २४ इंचांची मर्यादा कोणी मोजत नाही असं दिसतं. बंपर माणसाच्या कमरेला येईल इतकं नाक उचललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्या उभ्या असताना पाहाव्यात.

पुढचा ॲक्सल मूळ कॉर्व्हेटमध्ये नसतोच. तिची पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. ते सगळं काढून तिथे एक सरळ ॲक्सल बसवतात, बैलगाडीच्या आखासारखा, या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच. तो हलका, स्वस्त आणि उंची मिळवायला सोपा. फोर्डच्या १९६१ ते १९६७ च्या इकोनोलाइन व्हॅनचा ॲक्सल भंगारातून आणून लावायची जुनी पद्धत आहे. नवे बनवलेलेही मिळतात. दोन बाजूंना पाटे, वर चॅसीला नवे कंस. इथे घाई करणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. कंस सुरुवातीला फक्त टिपके मारून जोडायचे, कारण इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटर बसल्यावर पाटे किती दबतात हे आधी कळत नाही. पूर्ण वजन चढवून, गाडी तिच्या अंतिम उंचीला आणून, मगच शेवटचं वेल्डिंग.

घाई न करण्याचं दुसरं कारण कॅस्टर. पुढचं चाक ज्याच्याभोवती वळतं तो किंगपिन वरच्या टोकाला मागे झुकलेला असतो. त्या कोनामुळे स्टिअरिंग सोडलं की चाकं आपोआप सरळ होतात. सरळ ॲक्सलला हा कोन साधारण ६ अंश ठेवतात. पण नाक उचललं की सगळी गाडीच मागे झुकते आणि कॅस्टर आपोआप वाढतो. जमिनीवर सपाट असताना ६ ठेवला आणि नंतर नाक ३ अंशांनी वर केलं तर झाले ९, आणि गाडी जागच्या जागी वळवताना दंड भरून येतील. उलट कोन अगदी कमी राहिला, त्यात किंगपिनचे बुश ढिले असले, की एखाद्या वेगाला दोन्ही चाकं डावी-उजवीकडे जोरजोरात फडफडू लागतात. एकाच दांड्याने जोडलेली असल्याने दोघं एकमेकांना चिथावतात.

स्टिअरिंगचा ओढदांडाही असाच फसवा. पाटा दबला-उठला की ॲक्सल एका कमानीत हलतो, आणि त्या कमानीचं केंद्र असतं पाट्याचं पक्कं टोक. ओढदांडा दुसऱ्या कमानीत हलतो, त्याचं केंद्र स्टिअरिंग बॉक्सच्या हाताशी. स्टिअरिंग बॉक्स ॲक्सलच्या मागे आणि पाट्याचं पक्कं टोक पुढे असेल तर दोन्ही कमानी विरुद्ध दिशांना जातात. मग खड्डा आला की चाक स्वतःहून वळतं, आणि सुटताना नाक उठलं तरी वळतं. पाट्याचं पक्कं टोक मागे आणि झुलतं शॅकल पुढे ठेवलं की दोन्ही कमानी एकाच बाजूच्या होतात. दुसरा मार्ग म्हणजे ओढदांडा आडवा टाकणं. तसं केलं तर ॲक्सल डावीकडे-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवी पट्टी लागते, आणि ती ओढदांड्याला समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीची हवी. बांधून झाल्यावर तपासणी सोपी आहे: ॲक्सल जॅकने वर-खाली करायचा आणि चाकाकडे पाहायचं. चाक वळताना दिसलं तर अजून काम बाकी आहे.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो भाग सर्वात सोपा आणि सर्वात जास्त लिहिला गेलेला आहे. शेव्हरोलेचं लहान व्ही-आठ १९५५ साली २६५ घन इंचांचं निघालं, १९५७ मध्ये २८३ झालं, १९६२ मध्ये ३२७, आणि १९६७ मध्ये ३५०. ३५० चे सुटे भाग अमेरिकेत अजूनही सर्वत्र मिळतात. चार इंच बोअर, ३.४८ इंच स्ट्रोक. घरी जुळवताना दोन मापं कधीही गृहीत धरू नयेत. पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट, जी दर इंच बोअरला साधारण ४ सहस्रांश इंच, म्हणजे इथे १६ सहस्रांश. फट कमी पडली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. आणि क्रँकच्या बेअरिंगमधली फट, साधारण २ सहस्रांश इंच. ती मोजायला प्लॅस्टिकचा एक बारीक दोरा मिळतो. तो बेअरिंगवर ठेवायचा, टोपी ठरलेल्या जोराने आवळायची, परत काढायची आणि चपटा झालेला दोरा कागदी पट्टीशी ताडून पाहायचा. जितका रुंद पसरला तितकी फट कमी.

वर काय बसवायचं यावर गॅरेजात सर्वात जास्त गप्पा होतात. बॉनेटमधून वर आलेला सुपरचार्जर हे गॅसरचं चिन्ह झालं आहे. त्याचा वंश गमतीदार आहे. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या इंडियानातल्या भावांनी १८६० साली या पंपाचं पेटंट घेतलं. पुढे जनरल मोटर्सच्या ६-७१ या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाला, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घन इंच म्हणून ते नाव, जळलेला वायू बाहेर ढकलायला असाच पंप लागायचा. हे इंजिन महायुद्धातल्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या बोटींतही होतं. युद्धानंतर ट्रक-बसच्या भंगारातून ते पंप स्वस्तात मिळू लागले आणि पोरांनी ते पेट्रोलच्या इंजिनावर चढवले. दिसतो झकास, पण त्याने दाब वाढतो, दाबाने उष्णता वाढते, आणि समोरचा रस्ता अर्धा झाकला जातो. पहिली दोन वर्षं एका चार-नळी कार्ब्युरेटरवर गाडी चालवावी, बाकी सगळं सरळ झालं की मग सुपरचार्जर.

एक्झॉस्टचे पाइप पुढच्या चाकांच्या पोकळीतून काढतात, कारण सरळ ॲक्सल, पाटे आणि स्टिअरिंग यांनी खालची जागा व्यापलेली असते. फायबरग्लासला आच सोसत नाही, तेव्हा पाइप आणि अंग यांच्यात दोन बोटं अंतर आणि मधे ॲल्युमिनियमचा पत्रा. चाक पूर्ण वळवून, पाटे दाबून, टायर पाइपला घासत नाही ना हे आधीच पाहावं.

आता न दिसणारं काम. जुन्या काळात क्लच आणि फ्लायव्हील जास्त वेगाला फुटायचे आणि त्यांचे तुकडे चालकाच्या पायांच्या उंचीवरून बाहेर पडायचे. म्हणून साध्या ओतीव बेल हाउसिंगच्या जागी तुकडे अडवणारं जाड पोलादी बेल हाउसिंग लागतं. प्रॉपेलर शाफ्टचा पुढचा जोड तुटला तर शाफ्ट रस्त्यात रुतून गाडी उलटू शकते. त्याभोवती, पुढच्या जोडापासून सहा इंचांच्या आत, पाव इंच जाड आणि दोन इंच रुंद पट्टीचं कडं बसवतात. पेट्रोलची नळी बेल हाउसिंगजवळून न्यायची नाही. आणि रोल बार: पावणेदोन इंचांची नळी, साध्या पोलादाची असेल तर भिंत ०.११८ इंच जाड. फायबरग्लासच्या गाडीत याची सोय आधीच करावी लागते, कारण अंगाला वेल्ड करता येत नाही. नळीचे पाय थेट चॅसीपर्यंत न्यावे लागतात आणि अंगात त्यासाठी भोकं पाडावी लागतात. साधं पोलाद घरच्या मिग वेल्डरने जोडता येतं. क्रोम-मॉलीची पातळ नळी मात्र टिगनेच. स्वतःच्या वेल्डिंगवर विश्वास नसेल तर रोल बार दुसऱ्याकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

अंगाचं काम शेवटी. मागचे टायर मावावेत म्हणून चाकाची कमान गोल कापून मोठी करतात, आणि नव्या कडेला आतून दोन-तीन थर देतात. तडा दुरुस्त करताना नुसती फट भरली तर ती परत उघडते. फटीच्या दोन्ही बाजू लांब उताराने घासून पातळ करायच्या, जाडीच्या दहा-बारा पट रुंदीपर्यंत, आणि त्या उतारावर काचेच्या धाग्यांची चटई व रेझिन यांचे थर चढवायचे. म्हणजे जोड एका रेघेवर न राहता रुंद पट्टीवर पसरतो. रेझिनमध्ये हार्डनर एक ते दोन टक्के. गरम दिवशी कमी, नाही तर ब्रश डब्यातच अडकून बसतो. लांबी लावायची ती सर्वात वर आणि अगदी पातळ. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात आणि कातडीत शिरते. मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि दार उघडं, यात सूट नाही. रंग त्या काळचा हवा असेल तर खाली चंदेरी, त्यावर पारदर्शक लाल किंवा नारिंगीचे हात, वर क्लिअर. कुठे एक हात कमी पडला तर तो पट्टा वेगळा दिसतो आणि सगळं पुन्हा घासावं लागतं.

पहिल्यांदा इंजिन सुरू करायचं तेही रीतसर. जुन्या पद्धतीच्या चपट्या टॅपेटचा नवा कॅमशाफ्ट असेल तर इंजिन पेटताक्षणी २००० ते २५०० फेऱ्यांवर नेऊन वीसेक मिनिटं तिथेच ठेवायचं. कॅमच्या उंचवट्यांना तेल मिळतं ते फिरणाऱ्या क्रँकच्या शिंतोड्यांतून, आणि आयडलिंगला ते शिंतोडे पुरत नाहीत. जस्ताचा अंश जास्त असलेलं तेल हवं. त्या वीस मिनिटांत थांबावं लागू नये म्हणून टायमिंग, पाणी, गळती हे सगळं आधी पाहून ठेवायचं.

मग ब्रेक, मग रिकाम्या जागेत हळू फेऱ्या, मग सगळे बोल्ट पुन्हा आवळणं, विशेषतः पाट्यांचे यू-बोल्ट, कारण पाटे बसले की ते ढिले पडतात. मैदानावर पहिल्या दिवशी पूर्ण पाव मैलाकडे पाहायचं नाही, फक्त पहिल्या साठ फुटांची वेळ पाहायची. ती छापील चिठ्ठीवर वेगळी मिळते आणि मागच्या बाजूची सगळी हकिकत तीच सांगते. टायर घसरत असेल तर हवा एका वेळी एक पौंडाने कमी. गाडी सुटताना एका बाजूला ओढत असेल तर कारण बहुधा शाफ्टच्या पिळात असतं: तो पीळ उजवं मागचं चाक उचलू पाहतो आणि डावं दाबतो. उजव्या लॅडर बारचा पुढचा जोड अर्धा आटा फिरवून त्या चाकावर आधीच थोडा दाब देऊन ठेवायचा, पुन्हा पळवायची आणि चिठ्ठी बघायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती वहीत लिहायची.